आईचे कान

आईचे कान गेले ते एका संध्याकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता. इतरांचे कान हळूहळू जातात. आधी दाराची बेल ऐकू येईनाशी होते, मग टीव्हीचा आवाज वाढतो, मग फोनवरचं बोलणं कळेनासं होतं. आईच्या कानांना एवढी उसंत नव्हती. धाकटी लेक तिला म्हणाली, "आई, उद्यापासून कामावरून आले की अर्धा तास मी माझ्या खोलीचं दार लावून पडणार आहे. तेवढा वेळ आत येऊ नकोस, हाकही मारू नकोस." आणि आई म्हणाली, "काय?"

धाकटीने पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, "नीट बोल की जरा. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" तिसऱ्यांदा सांगताना धाकटीचा आवाज चढला, तशी समोरच्या काकूंनी दार किलकिलं करून पाहिलं. त्या दिवसापासून आई बहिरी झाली ती झालीच.

आता यातली गंमत बघा, धाकटीची रोजीरोटीच कानांवर चालायची. कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात ती लोकांची ऐकू येण्याची तपासणी करायची. मागच्या बाजूला जाड भिंतींची, कपाटाहून जरा मोठी अशी एक बंदिस्त खोली होती. तिला एक काचेची खिडकी. आत पेशंट बसवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. काचेच्या अलीकडे मशीनपाशी धाकटी. ती एकेक आवाज सोडायची, मोठ्यापासून अगदी बारीकापर्यंत, आणि ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. बटण दाबलं की मशीनवर दिवा लागायचा. काम एवढंच, पण त्याला डोकं शांत लागतं. आणि धाकटीच्या डोक्याला शांतता अशी कधी मिळालीच नव्हती.

त्यांच्या घरात कुठल्याही दाराला आतून कडी नव्हती. बाथरूमलासुद्धा नव्हती, आत कुणी असेल तर दाराबाहेर टॉवेल टाकायचा, अशी रीत. धाकटी नऊ वर्षांची असताना बाबा गेले ते कडी लावलेल्या खोलीत. रोज संध्याकाळी कामावरून आले की ते मागच्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे आणि घटकाभर नुसते बसायचे. वाचायचे नाहीत, झोपायचे नाहीत, काही नाही. आई बाहेरून बोलत राहायची, ते आतून हं हं करायचे. एके दिवशी हं आलं नाही. शेजारच्यांनी खांद्याने दार फोडलं तेव्हा ते खुर्चीतच होते. तेरावा होण्याआधी आईने घरातल्या सगळ्या कड्या उपटून काढल्या, स्वतःच्या हाताने, भाजी चिरायच्या सुरीने स्क्रू फिरवून.

आणि मग रात्री ती धाकटीच्या अंथरुणावर येऊन बसू लागली. दादा मोठा होता, पण तो मुलगा. तो खेळायला जायचा, मित्रांकडे राहायचा, त्याला कुणी अडवलं नाही. धाकटी हाताशी होती. "तूच माझी मैत्रीण," आई म्हणायची, आणि मैत्रिणीलाही सांगू नये ते सगळं नऊ वर्षांच्या पोरीला सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिला कोण काय बोललं, बाबा तिच्याशी कसे तुटक वागायचे, तिला जगावंसं कसं वाटत नाही. "एक दिवस झोपेतच जाईन बघ मी," असं म्हणून ती शांत झोपी जायची. धाकटी जागी राहायची. आईच्या छातीकडे बघत, श्वास चालू आहे ना ते ऐकत. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची आणि छड्या खायची.

आई वाईट होती असं नाही, हेही सांगायला हवं. भरल्या संसारात एकटी पडलेली बाई ती. तिचं ऐकून घेणारं माणूस तिला जन्मात भेटलं नाही. जे भेटलं ते दार लावून बसलं आणि तिथेच संपलं. शेजारपाजारी ती सगळ्यांची लाडकी होती. नकला अशा करायची की काकूंच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पण माणूस बिचारं आहे म्हणून त्याचं ओझं हलकं होत नाही. तीस-बत्तीस वर्षं धाकटी ते वाहत आली. लग्न केलं नाही. आईने होऊ दिलं नाही असं वहिनी खासगीत म्हणायची. धाकटी त्यावर हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही.

हे असंच चालत राहिलंही असतं, पण मध्ये एका पोराचा बळी गेला.

लहान मुलांना बटण देत नाहीत. त्यांच्यापुढे डबा ठेवतात, हातात लाकडी मणी देतात. आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. पण पोरं चलाख असतात. आवाज ऐकण्याऐवजी ती तपासणाऱ्याचं तोंड वाचतात. म्हणून आवाज सोडताना चेहरा कोरा ठेवायचा, मान हलवायची नाही, आणि दोन आवाजांमधलं अंतर सारखं बदलत राहायचं, म्हणजे पोराला ताल सापडत नाही. धाकटी हे नव्या मुलींना शिकवायची. त्या दिवशी मात्र पहाटेपासून आई तिच्या पलंगाच्या कडेवर बसून होती. बाबांचं दार कसं फोडलं ते पुन्हा पहिल्यापासून सांगून झालं होतं. धाकटी कामावर आली ती नुसती हाडं घेऊन. समोर चार वर्षांचा मुलगा बसला होता. ती ठराविक अंतराने आवाज सोडत गेली, आणि दर वेळी तिची मान जराशी हलत गेली. पोराने एकही मणी चुकवला नाही. ऐकू उत्तम येतं, असं तिने सांगून टाकलं.

वर्षाने ते पोर दुसऱ्या दवाखान्यातून फिरत परत आलं. त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. त्याची आई भांडायला आली नव्हती. ती बाकावर बसून एवढंच म्हणाली, "आम्ही त्याला हट्टी समजत होतो हो ताई. हाक मारली तरी बघायचा नाही म्हणून मारत होतो."

डॉक्टरबाईंनी धाकटीला आत बोलावलं. "तुझ्या घरी काय चाललंय ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "पण ते इथे घेऊन येऊ नकोस. झोप, सुट्टी, काय हवं ते कर. पुन्हा असं झालं तर तुला मशीनवरून उठवावं लागेल मला."

उठवलं तर उठवलं, नोकरी काय, दुसरी मिळाली असती. पण 'मारत होतो' हे दोन शब्द धाकटीच्या मनातून जाईनात. तिला पहिल्यांदा कळलं की आपण मुकाट्याने सोसतोय ते आपल्यापाशीच थांबत नाही. म्हणून तिने अर्धा तास मागितला. महाल नाही मागितला, वेगळं घर नाही मागितलं. अर्धा तास. आणि आईचे कान गेले.

दुसऱ्या दिवशी तिने दार लावलं. लावलं म्हणजे लोटलं, कडी होतीच कुठे. आई आत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली.

"आई, मी काय सांगितलं होतं?"

"काय?"

"अर्धा तास!"

"अर्धा काय? अर्धा कप चहा? करते की," म्हणून आई उठली आणि चहा घेऊन परत आली.

मग हे रोजचंच झालं. हळू बोललं तर आईला ऐकू यायचं नाही, आणि मोठ्याने बोललं तर ते सगळ्या जिन्याला ऐकू जायचं. 'आत येऊ नकोस', 'मला एकटीला राहू दे', 'बाहेर जा', अशी वाक्यं ओरडून म्हटल्यावर कशी ऐकू येतात ते धाकटीला ठाऊक नव्हतं असं नाही. काकू जिन्यात भेटल्या की तोंड फिरवू लागल्या. एकदा तोंड न फिरवता म्हणाल्या, "म्हातारं माणूस गं. कानाने अधू. जरा सबुरीने घ्यावं." धाकटीच्या अंगाची लाही झाली. काकूंना सांगणार काय? आई खोटं बोलतेय म्हणून? बाहेरच्या माणसाला घरातलं सांगायचं नाही, हे तिला कडी नसलेल्या घरातच शिकवलं होतं.

दादाचे फोन सुरू झाले. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी चिंगी यांच्यासह. "तू जगाचे कान तपासतेस आणि घरच्या आईचे नाही?" तो म्हणाला. "मी तिला घेऊन येतो. एकदाचं मशीन लावून टाक."

तो खरंच घेऊन आला. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि ती सगळ्यांशी मोठ्याने बोलत होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरच्या माणसाची तपासणी दुसऱ्या मुलीने करावी. पण दुसरी मुलगी रजेवर होती आणि दादाला वेळ नव्हता. तेव्हा धाकटीनेच आईला त्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि जाड दार लावून घेतलं. आईसमोर तिने लावलेलं पहिलं दार ते, आणि आईला काही करता येईना.

आईने बटण दाबलंच नाही. धाकटी आवाज वाढवत गेली. ट्रकचा हॉर्न कानाशी वाजावा इतका वाढवला तेव्हा कुठे आईने दचकून, नाइलाजाने बटण दाबलं. मशीनच्या हिशोबाने ती ठार बहिरी होती.

पण ज्यांना ऐकू येत असून येत नाही म्हणायचं असतं, असे पेशंटही येतात. कुणाला अपंगत्वाचा दाखला हवा असतो, कुणाला नुकसानभरपाई. त्यांच्यासाठी एक साधी युक्ती असते. तपासणी संपली असं दाखवायचं, माइकवरून इकडच्या तिकडच्या गप्पा सुरू करायच्या, आणि बोलता बोलता आवाज खाली आणत जायचं. धाकटीने ती शेकडो वेळा वापरली होती. स्वतःच्या आईवर वापरताना तिला लाज वाटली, आणि तरी तिने वापरली.

"झालं हं आई. खुर्ची टोचत नाही ना?"

"नाही गं. बरी आहे."

आवाज खाली. "पाणी हवंय का?"

"नको. दादा देईल मग."

अजून खाली. "थंडी वाजतेय का आत?"

"जराशी," आई म्हणाली, आणि तिचं तिलाच कळलं. बटण धरलेला तिचा हात मांडीवर तसाच राहिला.

दोघी काचेतून एकमेकींकडे बघत होत्या. धाकटीने आवाज आणखी उतरवला. मग ती अशा आवाजात बोलली, की तिच्या पाठीमागे कुणी उभं असतं तर त्यालाही ऐकू आलं नसतं. "आई, तुला येतं ऐकू. सगळं येतं. मी काय मागतेय ते पहिल्याच दिवशी ऐकू आलंय तुला. मी बाबा नाही. मी दार लावलं म्हणजे मी मरत नसते. पण तू अशी रोज माझ्या उशाशी बसलीस तर माझं काही उरणार नाही. एका पोराचं वर्ष वाया गेलं माझ्यामुळे. मला खूप भीती वाटते आई. मला लहानपणापासून भीती वाटतेय."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, मानही वळवली नाही. ओठ एकदा हलले. धाकटीला वाटलं, आता ही बटण दाबेल. नुसतं एकदा दाबलं असतं तरी पुरलं असतं. धाकटी दार उघडून आत गेली असती आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली असती. तिने बराच वेळ मशीनवरच्या दिव्याकडे पाहिलं. तो लागला नाही.

दादा आणि डॉक्टरबाई आत आले. "काय निघालं?" दादाने विचारलं.

आई हेडफोन काढून त्या खोलीतून बाहेर आली होती. ती धाकटीकडे बघत होती, आणि त्या नजरेत विनवणी होती. धाकटीला ती नजर पाठ होती; त्या नजरेपुढे तिने आजवर सगळं दिलं होतं. आताही 'वयोमानाने कमी झालंय' एवढं म्हटलं की निभावलं असतं. आईची लाज राहिली असती, दादाचं समाधान झालं असतं, एक मशीन कानामागे लागलं असतं आणि आईने ते बंद करून वापरलं असतं.

"तिला ऐकू येतं," धाकटी म्हणाली. "तुझ्यामाझ्याइतकंच येतं."

"म्हणजे? आई खोटं बोलते?"

"काय म्हणते रे ती?" आईने मोठ्याने विचारलं.

दादा धाकटीकडे वळला. "बघ. बघ, तिला कळतसुद्धा नाहीये. आणि तू भर दवाखान्यात तिला खोटं पाडतेस?" डॉक्टरबाई काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. दादाने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "चल आई. माझ्याकडे चल. हिला तू नकोशी झालीयेस." त्याच संध्याकाळी आईची बॅग गेली.

धाकटीने त्या दिवशी खोलीचं दार लोटलं आणि पलंगावर पडली. कुणी आलं नाही. अर्धा तास झाला, तास झाला. आनंद व्हायला हवा होता. तिला वाटत होतं की आपण आईला मारून टाकलंय. ती उठून दार उघडून आली, रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिली, आणि पुन्हा जाऊन पडली. असे बरेच दिवस गेले. काकू तर आता जिन्यात तिला बघितल्यावर थांबतसुद्धा नव्हत्या. पण झोप यायला लागली. आधी तुटक, मग सलग. मशीनपाशी बसल्यावर हात स्थिर राहू लागले. एकदा एका छोट्या मुलीची तपासणी करताना तिने चेहरा कोरा ठेवला, अंतरं बदलली, आणि पोरगी चुकली तिथे बरोबर पकडली. तिच्या आईबापांना समजावून सांगताना धाकटीचा आवाज भरून आला. त्यांना वाटलं, ताई फार मायाळू आहेत.

दादा फोन उचलत नव्हता. आई तर काय, तिला ऐकूच येत नव्हतं.

फोन आला तो वहिनीचा, भर दुपारी, तिच्या ऑफिसच्या जिन्यातून. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"तुमच्या दादांना सांगू नका मी फोन केला ते. चिंगीच्या शाळेतून बोलावणं आलं होतं. ती वर्गात झोपते म्हणे."

धाकटीने हातातला हेडफोन खाली ठेवला.

"आईंना तिच्याच खोलीत जागा दिलीये ना. मला वाटलं, आजी-नात, बरं आहे. काल चिंगी मला विचारते, आजी झोपेत गेली तर मला कळेल ना गं? मी जागी असले तर कळेल ना?" वहिनीचा आवाज फुटला. "हे असलं कुठून आणते हो पोर?"

कुठून आणते ते धाकटीला माहीत होतं. आपण ओझं खाली ठेवलं, इतके दिवस सुखाने झोपलो, आणि ते कुणी उचललं ते बघायलासुद्धा गेलो नाही. नऊ वर्षांची पोर. तेच वय. एक क्षण तिच्या मनात आलं, आईला परत आणावं. आजच आणावं, पलंगाची कड मोकळी करून द्यावी, निदान चिंगी तरी सुटेल. ती तसं बोलणारही होती. "वहिनी," ती म्हणाली, आणि तोंडातून दुसरंच आलं. "तिच्या दाराला कडी आहे?"

"आमच्याकडे? तुम्हाला माहीत नाही का. तुमच्या दादांनी घर घेतलं तेव्हाच काढायला लावल्या सगळ्या."

रविवारी सकाळी धाकटी हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदाराने बऱ्याच कड्या दाखवल्या. तिने दवाखान्यातल्या संडासाला असते तसली मागितली. आतून लावता येते, पण आत कुणाला काही झालंच तर बाहेरून फटीत नाणं घालून फिरवता येते. आईची भीती खोटी नव्हती. त्या भीतीपुरती ती फट हवी होती.

दादाने दार उघडलं आणि तिच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला. "हे काय आणि?"

"चिंगीच्या दाराला कडी बसवणार आहे."

"माझ्या घरात कड्या नाहीत. कशामुळे ते तुला माहितीये."

"आई कुठेय?"

"आत. चिंगीजवळ."

"दादा," धाकटी म्हणाली, आणि जे तीस वर्षांत बोलली नव्हती ते चपला काढता काढता बोलली. "बाबा गेल्यावर तू खेळायला जायचास, मित्रांकडे झोपायचास. मी काय करायचे माहितीये? आई म्हणायची मी झोपेत जाईन, म्हणून मी रात्रभर तिचा श्वास ऐकत बसायचे. शाळेत छड्या खायचे. तू म्हणायचास, ही झोपाळू आहे. आता चिंगी ऐकत बसते. विचार तिला."

"मला हे..." दादा म्हणाला. "मला कधी कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंही नाहीस."

तो गॅलरीत गेला आणि पाठमोरा उभा राहिला. हो म्हणाला नाही. पण अडवलंही नाही. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी पदराशी चाळा करत उभी होती; तिने पुढे होऊन मधली खुर्ची बाजूला घेतली.

चिंगी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. डोळ्यांखाली काळं. आई कडेवर बसून तिला काहीतरी सांगत होती, आणि सांगताना तिचा आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत जाऊ नये इतका. धाकटीला बघून तो थांबला.

धाकटी गुडघ्यांवर बसली आणि दाराला कडी बसवू लागली. लाकूड जुनं होतं, स्क्रू बसायला वेळ लागत होता. आई बघत होती. मग ती मोठ्याने, बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बाबांनीही कडीच लावली होती."

धाकटीचा हात थांबला. हे वाक्य तिने आजवर असंख्य वेळा ऐकलं होतं. पण या वेळी तिला एक गोष्ट दिसली, जी लहानपणी दिसली नव्हती. बाबा रोज त्या खोलीत का जात होते, ते. तिने ते आईला सांगितलं नाही. सत्तरीच्या बाईला ते सांगून काय मिळणार होतं? तिने दुसरा स्क्रू घेतला.

"आजीला राग येईल," चिंगी कुजबुजली.

"येईल."

"रडेल ती."

"रडेल. रडून मोठी माणसं मरत नाहीत चिंगे. आणि आजीचा श्वास बघायला तुझे आईबाबा आहेत. आजपासून ती बाहेरच्या खोलीत झोपणार. तुझं काम नाही ते. कधीच नव्हतं." हे शेवटचं ती चिंगीला म्हणाली खरं, पण तिचेच डोळे भरून आले.

कडी बसली. धाकटीने चिंगीला नाणं दाखवलं, फट दाखवली, बाहेरून कसं उघडतं ते दाखवलं. मग आईच्या दंडाला धरून तिने तिला उठवलं. आई हलकी झाली होती. दोघी बाहेर आल्या. आतून चिंगीने दार लावलं, आणि कडी सरकल्याचा आवाज आला, बारीकसा. मशीनमधून सोडला असता तर आईने नक्की बटण दाबलं नसतं.

आता मात्र तो ऐकून आईच्या अंगावर शहारा आला. ती बंद दारासमोर उभी राहिली. तिचा हात वर गेला, फळीवर टेकला आणि तिथेच राहिला. आतून काही वेळ काहीच आलं नाही. मग पलंग करकरला, चिंगी आडवी झाली असावी.

आई वळली. तिचा चेहरा घाबरलेल्या पोरासारखा झाला होता. ती बोलली तेव्हा धाकटीशी बोलताना कितीतरी महिन्यांनी तिचा खरा आवाज आला, हळू, जरा घोगरा, फक्त धाकटीपुरता.

"मग मी येऊ का तुझ्याकडे?"

धाकटीला सगळं जग तिथेच थांबल्यासारखं वाटलं. 'ये' म्हणणं किती सोपं होतं. आईला जायला दुसरी जागा नव्हती. आता इथेही दार लागलं होतं. गॅलरीत दादाने मान वळवली होती. वहिनी खाली बघत होती.

"नाही आई," धाकटी म्हणाली. मोठ्याने नाही. आई बोलली तेवढ्याच आवाजात. "मी येईन दर रविवारी. दुपारी बसेन तुझ्यापाशी. पण माझ्या घरी नाही."

आणि ती 'काय?' ची वाट बघत उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. भिंतीला धरत ती खुर्चीपर्यंत गेली आणि बसली.

तिने 'काय?' विचारलं नाही. तिला ऐकू आलं होतं.